पाणी गेले कुठे?
(ट्रॅक्टरचे इंजिन तापणे : कारणे व तपासणी)



हंगाम तोंडावर आला की आम्ही तोडणीवर लिहितो. या वेळी ट्रॅक्टरवर लिहीत आहोत. त्याला कारण आमच्याच हातून झालेली एक चूक आहे.

गेल्या हंगामात एका सभासदाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस घेऊन चढावर तापला. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, सकाळीच पाणी भरलंय, परत कमी झालंय." ऊस आदल्या दिवशी तोडलेला. काट्यावर लवकर पोचावे या घाईत आम्ही म्हणालो, "ओता पाणी आणि चला." थोडे पुढे जाऊन इंजिन जाम झाले. दुसरा ट्रॅक्टर मिळेपर्यंत आणखी एक दिवस गेला. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा, उशीर झाला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात, हे सभांतून सांगणारे आम्हीच. सभासदाला उसातही तोटा झाला आणि इंजिनाचा खर्चही बसला.

खरे तर हा धडा आम्ही लहानपणीच मुंबईत काळाचौकीला शिकलो होतो. आमचे मामा तिथे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणी सुटली आणि ते टॅक्सी चालवू लागले. गाडी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. (मुंबईतल्या या टॅक्सींची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.) मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही जायचो, तेव्हा लालबागच्या गर्दीत गाडी हमखास तापायची. मामा बाटलीने पाणी ओतत. जवळच्या गल्लीतले मिस्त्री एकदा त्यांना म्हणाले, "अहो, पाणी कमी झालं हे नका सांगू. गेलं कुठं ते सांगा." त्यांनी शोधायची जी रीत दाखवली, ती टॅक्सीला, शर्यतीच्या मोटारीला आणि आपल्या ट्रॅक्टरला सारखीच लागू आहे.

आधी हात सांभाळा. रेडिएटरचे झाकण म्हणजे प्रेशर कुकरचे झाकण समजा. आत दाब असल्याने पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले की तेच पाणी उसळून तोंडावर येते. काटा लाल खुणेवर गेला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि किमान अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

बाहेरची गळती. रात्री ट्रॅक्टरखाली कोरडा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे पडला ते बघा. रबरी पाईपच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे आणि वॉटर पंपाच्या पोटाशी असलेले बारीक भोक तपासा. पंपाचे सील गेले की पाणी या भोकातून ठिबकते. पाणी सुकून गेले तरी पांढरा, हिरवा किंवा तांबूस ओघळ मागे राहतो. काहीच दिसले नाही तर मिस्त्रीकडून दाबाची चाचणी करून घ्या. गार इंजिनात रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेला दाब भरतात. दहा-पंधरा मिनिटांत काटा खाली आला तर गळती आहे, हे नक्की. झाकणाचे रबरही बघा. ते कडक झाले की दाब टिकत नाही.

आतली गळती. पुठ्ठा कोरडा, पण पाणी मात्र रोज कमी, असे असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ झाले असेल किंवा त्याची पातळी वाढली असेल तर पाणी ऑइलमध्ये जात आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहतो का, झाकण काढून गार इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का, हेही बघा. यातले एक लक्षण दिसले तरी ट्रॅक्टर उसाला जोडू नका. आमच्या त्या ट्रॅक्टरचे ऑइल दुधाळच होते. पट्टी काढून बघायला दोन मिनिटेसुद्धा लागली नसती.

पाणी पुरेसे, तरी तापतो. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबा. साधारण अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबला तर तो ढिला आहे. रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा चुरा आणि धूळ बसते, ती पंख्याच्या बाजूने बाहेर हवा मारून काढा. इंजिन तापले तरी वरचा पाईप गारच राहिला, तर थर्मोस्टॅट अडकलेला असतो. तो काढून गरम पाण्यात टाका. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला हवा. कित्येक जण तो काढूनच टाकतात, तसे करू नये. आणि ट्रॉलीवर ओझे बेताचेच भरा.

पाणी कोणते? बोअरचे जड पाणी घातले की चहाच्या भांड्यात बसतो तसा थर आत बसतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. ट्रॅक्टरच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात, शुद्ध पाण्यात मिसळून वापरा. एक इशारा मात्र लक्षात ठेवा. कूलंट चवीला गोड, पण विषारी असते. काढलेले कूलंट गोठ्याजवळ, अंगणात उघडे ठेवू नका. जनावर किंवा कुत्रे प्यायले तर दगावेल. लहान मुलांपासूनही दूर ठेवा.

तोडीची चिठ्ठी हातात पडण्याआधी एक रात्र पुठ्ठा पसरा आणि सकाळी ऑइलची पट्टी बघा. खर्च काही नाही. आणि रस्त्यात कुणी "पाणी ओता आणि चला" म्हणाले, मग ते आम्ही असलो तरी, ऐकू नका. आधी विचारा, पाणी गेले कुठे?

— ऊस विकास अधिकारी