छायाचित्रांतून गावाची कहाणी : हिरकणीवाडीसाठी एक अभ्यासपाठ

रायगड पाहून परतणाऱ्या प्रवाशांजवळ बहुधा एकसारखीच छायाचित्रे असतात : महादरवाजा, राजसदर, महाराजांची समाधी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने महाराष्ट्र व तामिळनाडूतील ज्या बारा मराठा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत रायगड आहे. मात्र पायथ्याची हिरकणीवाडी या चित्रांत क्वचितच दिसते. गावाचे चित्रण गावातील शिक्षक, विद्यार्थी व पंचायत सदस्यांनीच शिकून घ्यावे, या हेतूने एक दिवसाच्या प्रात्यक्षिक वर्गाची रूपरेषा पुढे दिली आहे.

विषयाची निवड : ‘हिरकणीवाडी’ हा विषय नव्हे, तो पत्ता झाला. येथून गडावर जाणारा रज्जुमार्ग १९९६ मध्ये सुरू झाला. त्यामुळे गडावर ताक विकणाऱ्या महिलांच्या दिनक्रमात काय बदलले, हा विषय होऊ शकतो. हिरकणीच्या आख्यायिकेशी त्याचे नाते सहज जुळते. अमेरिकन छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांनी १९४८ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी एका ग्रामीण डॉक्टरचे चित्रण केले, तेव्हा ते तेवीस दिवस त्यांच्यासमवेत होते. आपल्या हाती एकच दिवस असल्याने विषय लहान घ्यावा.

प्रात्यक्षिक : प्रत्येक गटाने सहाच चित्रे सादर करावीत : परिसराचे दूरदृश्य, घर, व्यक्तीचा चेहरा, काम करणारे हात, माणसांतील व्यवहार आणि दिवसअखेर. चित्रे घेण्यापूर्वी हेतू सांगून संमती घ्यावी. मुलांच्या बाबतीत ती पालकांकडून घ्यावी.

तंत्र : चालत्या माणसासाठी झडपेचा वेग सेकंदाचा १/१२५, तर सरकत्या पाळण्यासाठी १/५०० ठेवून पाहावा. पावसाळी धुक्यात कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो व चित्र काळपट येते. अशा वेळी प्रकाश एक टप्पा वाढवावा. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातही ही सोय असते.

नोंद : प्रत्येक चित्राखाली कोण, काय, कोठे, केव्हा हे लिहावे. सायंकाळी सर्व चित्रे भिंतीवर लावून, जे चित्र काढून टाकले तरी कथा अपुरी वाटत नाही, ते वगळावे.

या अभ्यासाचा उपयोग प्रदर्शनापुरता नाही. २२ जुलै २०२१ रोजी याच महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली आणि घरांसह माणसे गाडली गेली. डोंगरउतार, ओढे, रस्ते व घरे यांची ठरावीक जागेवरून, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर घेतलेली चित्रे ग्रामपंचायतीच्या दप्तरी असतील, तर जमिनीला पडलेली नवी भेग वेळीच नजरेस येऊ शकते आणि नुकसानीच्या पंचनाम्यासही आधार मिळतो. शाळेने चित्रे घ्यावीत, पंचायतीने ती तारीखवार जपावीत. एवढी वाटणी झाली, तरी वर्गाचे श्रम सार्थकी लागतील.