त्रागा म्हणजे नेमकं काय?

राग येतो, चिडचिड होते. त्रागा मात्र ‘करावा’ लागतो. भिंगारच्या आपल्या होस्टेलवर हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने फिरतात, तिथेच गडबड होते.

भाजी पातळ म्हणून वाढणाऱ्यावर खेकसणं ही चिडचिड. ‘जा, आज जेवतच नाही!’ म्हणत ताट सरकवून उपाशी झोपणं हा त्रागा. त्रास स्वतःला, दोष दुसऱ्याच्या माथी. स्टाफनेही हा फरक ध्यानात घ्यावा. चिडलेला मुलगा निदान ओरडतो, त्रागा करणारा दार लावून बसतो.

या शब्दामागचा इतिहास भयंकर आहे. गुजराती ‘त्रागुं’ हा त्याचा भाऊ. गुजरात-काठियावाडात भाट-चारणांना पवित्र मानत. ते व्यवहारात जामीन राहत, व्यापाऱ्यांच्या तांड्यांना सोबत करत. कुणी शब्द मोडला किंवा दरोडेखोर आडवे आले, की चारण कट्यारीने स्वतःवरच वार करून घेई. कधी घरातल्याच माणसाचा जीव घेई. त्या रक्ताचं पाप समोरच्याला लागतं अशी समजूत, म्हणून हत्यारबंद माणूसही वचकून असे. हाच मूळचा त्रागा. अलेक्झांडर फोर्ब्स यांनी १८५६ च्या ‘रासमाळा’ ग्रंथात ही चाल नोंदवली आहे. आणि हे फोर्ब्स नोकरीच्या सुरुवातीला आपल्या नगरलाच असिस्टंट कलेक्टर होते बरं का!

त्राग्याला अट एकच, समोरच्याला आपल्या त्रासाची धास्ती हवी. आई ‘मी राहीन उपाशी’ म्हणाली की अख्खं घर हलतं. मेसवाल्याच्या मात्र चार चपात्या वाचतात.