घराआधी सोसायटीचं खातं

टोरोंटोच्या आसपास, मिसिसागा-ब्रॅम्प्टन-मिल्टनकडे घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांचा हिशोब बहुधा सारखाच असतो. स्वतंत्र घर आवाक्याबाहेर, टॉवरमधला फ्लॅट मुलांना अपुरा, मग मधला मार्ग म्हणून टाउनहाउस. हा मार्ग चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण नवं किचन, तयार बेसमेंट, शाळेचं नाव यांवर भाळून निर्णय घेणं मला धोक्याचं वाटतं. पुष्कळशी टाउनहाउस इथे कॉन्डोमिनियम कायद्याखाली येतात. तिथे छप्पर, बाहेरच्या भिंती, अंतर्गत रस्ता यांतलं बरंचसं सामायिक असतं (नेमकं काय, ते त्या संकुलाच्या घोषणापत्रात लिहिलेलं असतं), आणि त्याचा खर्चही सामायिकच. घर घेताना तुम्ही त्या संस्थेच्या शिलकीत आणि तिने लांबणीवर टाकलेल्या दुरुस्त्यांतही वाटेकरी होता. म्हणून घर आवडलं तरी संस्थेचं खातं पाहिल्याशिवाय होकार देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मुंबई-पुण्याहून आलेल्याला सोसायटी काही नवी नाही. मेन्टेनन्स, सिंकिंग फंड, कमिटी, वार्षिक सभा हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, आणि त्यामुळेच गफलत होते. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी, एवढीच अपेक्षा आहे. फंड आटला तरी मनात कुठेतरी रीडेव्हलपमेंटचा आधार असतो: इमारत जुनी झाली की बिल्डर येईल, वाढीव एफएसआय मिळेल, नवा फ्लॅट हातात पडेल. कॅनडातल्या टाउनहाउसच्या ओळींना असा वाली येईल यावर भिस्त ठेवता येत नाही. छपराचे शिंगल्स उखडले, रस्ता फुटला, तर पैसे रिझर्व्ह फंडातून किंवा मालकांच्या खिशातून. शिवाय आपल्याकडे मोठा खर्च सर्वसाधारण सभेत अडवता येतो. ऑन्टारिओत स्पेशल असेसमेंट, म्हणजे मालकांवरची जादा वर्गणी, लावायला सभासदांचं मतदान लागत नाही, संचालक मंडळाचा ठराव पुरतो. ती रक्कम थकली तर तुमच्या घरावर संस्थेचा बोजा चढतो आणि तो बँकेच्या मॉर्गेजच्याही पुढे उभा राहतो.

हे कुठवर जाऊ शकतं, ते ब्रिटिश कोलंबियाने पाहिलं आहे. 1980 आणि 90 च्या दशकांत तिथे बांधलेल्या असंख्य इमारतींत आणि टाउनहाउस संकुलांत पावसाचं पाणी बाहेरच्या भिंतींच्या आवरणामागे शिरलं आणि आतला लाकडी सांगाडा कुजला. सरकारने 1998 मध्ये माजी प्रीमियर डेव्ह बॅरेट यांच्याकडे चौकशी सोपवली. तोवर हजारो कुटुंबांसमोर दुरुस्तीची अशी बिलं येऊन पडली होती की काहींना घरच सोडावं लागलं. आतून ही घरं चांगलीच दिसत होती, आणि म्हणूनच मला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं. पुढे त्या प्रांताने भावी दुरुस्त्यांचा अंदाज मांडणारा डेप्रिसिएशन रिपोर्ट आणला. पण तीन-चतुर्थांश मतांनी तो पुढे ढकलायची मुभा 2024 पर्यंत राहिली. आजचा मेन्टेनन्स वाचवण्यासाठी उद्याचा खर्च नजरेआड करायचा मोह सामूहिकही असतो, हे त्यावरून कळतं.

ऑन्टारिओत खात्याची तपासणी अवघड नाही. स्टेटस सर्टिफिकेट मागायचं. संस्था त्यासाठी जास्तीत जास्त 100 डॉलर घेऊ शकते आणि 10 दिवसांत ते द्यावंच लागतं. त्यात फंडातली शिल्लक, ताजा रिझर्व्ह फंड अभ्यास, अंदाजपत्रक, थकबाकी, चालू दावे, येऊ घातलेली फीवाढ हे सारं येतं. ते वकिलाकडून वाचून घ्या, पण स्वतःही वाचा. समजा 60 घरांच्या संकुलाला पुढच्या काही वर्षांत 18 लाख डॉलरची कामं आहेत आणि फंडात सहा लाखच आहेत. तूट 12 लाखांची, म्हणजे घरामागे सरासरी 20 हजार. ही रक्कम घराच्या किमतीत मिळवून मगच शेजारच्या संकुलाशी तुलना करा. घरातल्या पाइपांची चौकशी वेगळी करा. 1995 ते 2007 च्या सुमाराच्या बांधकामांत किटेकचे नारिंगी-निळे पाइप सापडतात. ते बदलायचा खर्च बहुधा मालकाचाच, आणि तो रिझर्व्ह फंडाच्या अभ्यासात दिसणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की मग फी कमी असलेलं संकुलच घ्यावं. मला उलट वाटतं. जुन्या संकुलाची फी आसपासच्यांपेक्षा फारच कमी असेल तर कोणीतरी पुढचा खर्च मागे ठेवला असण्याची शक्यता आधी तपासावी. अर्थात भरमसाट फीसुद्धा चांगल्या कारभाराचा पुरावा नाही, ती जुनी तूट भरून काढण्यासाठीही असू शकते. बँकेचा होकार हाही पुरावा नाही. कर्जाची पात्रता ठरवताना कॉन्डो फीची साधारणपणे अर्धीच रक्कम धरतात, भरायची मात्र पूर्ण असते.

दुसरा आक्षेप फ्रीहोल्डवाल्यांचा: आमच्याकडे फी नाही, मग चिंता कसली? खर्च तिथेही आहेच, फक्त तो साठवायची शिस्त स्वतःची लागते. आणि फ्रीहोल्ड म्हणून विकलेल्या काही घरांना सामायिक रस्त्यापुरती कॉन्डो संस्था जोडलेली असते, तिची फीही असते. अशा घरासाठीसुद्धा स्टेटस सर्टिफिकेट मागायलाच हवं.

सर्वांत खरा आक्षेप वेळेचा आहे. बाजार तापलेला असला की अट घातलेली ऑफर मागे पडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ऑन्टारिओत बिल्डरकडून नवा कॉन्डो घेतल्यास 10 दिवसांत माघार घेता येते. जुन्या घराच्या व्यवहारात ही सोय नाही, तिथे तुमची अट हेच एकमेव दार. म्हणून घर दुसऱ्यांदा पाहायला जाण्याआधीच रिअल्टरला सर्टिफिकेट मागायला सांगा. विकणाऱ्याकडे ते पुष्कळदा तयार असतं. नसेल तर स्वतः 100 डॉलर भरा. आणि विकणारा ते येईपर्यंत थांबायलाच तयार नसेल, तर त्या घरावर ऑफर देऊ नका.