वाटोळे चिन्ह, पण शून्य नव्हे

मार्वे येथील धक्क्यावरून होडीत बसले की थोड्याच वेळात खाडी ओलांडून आपण मनोरीला पोहोचतो. समजा, तुमच्या वर्गाची सहल तेथे गेली आहे. गुरुजींनी दोन कामे सांगितली आहेत. पहिले, किनाऱ्यावर सावलीत हवेचे तापमान मोजायचे. दुसरे, नकाशावर मनोरीचे स्थान पाहायचे. तुम्ही वहीत लिहिता : तापमान ३२° सेल्सियस, स्थान सुमारे १९° १२′ उत्तर अक्षांश, ७२° ४७′ पूर्व रेखांश.

घरी येऊन हाच मजकूर तुम्ही संगणकावर उतरवू लागता आणि अडता. अंशाचे ते लहानसे वर्तुळ कळफलकावर कोठेच दिसत नाही! मग एक युक्ती सुचते. शून्य टाइप करायचे आणि त्याला थोडे वर उचलायचे. दिसायला अगदी हुबेहूब! पण हाच मजकूर तुम्ही मित्राला फोनवर पाठविता, तेव्हा वर उचलण्याची ती सजावट वाटेत गळून पडते. शून्य खाली येऊन बसते आणि मित्र वाचतो : मनोरीचे तापमान ३२० सेल्सियस. या तापमानाला कथील केव्हाच वितळलेले असते (ते २३२ अंशांना वितळते), आणि शिसे वितळायला जेमतेम आठ अंश उरलेले असतात!

ही चूक हास्यास्पद आहे, म्हणून ती पकडली तरी जाते. १९० हा अक्षांशही कोणी खरा मानणार नाही, कारण अक्षांश ९० च्या पुढे जातच नाहीत. खरा धोका आहे तो शक्य वाटणाऱ्या चुकीचा. पुष्कळशा लसी २° ते ८° सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. यातील २° चे २० झाले तर? २० अंश हे तापमान कोणालाही वावगे वाटणार नाही, पण लस मात्र निकामी होऊ शकेल.

संगणक आकार पाहत नाही

असे का होते? आपण अक्षर ओळखतो ते त्याच्या आकारावरून. संगणकाला आकार कळत नाही. त्याच्याजवळ प्रत्येक चिन्हासाठी एक क्रमांक असतो. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या ‘ॲस्की’ या संकेतात १२८ च क्रमांकांची सोय होती. त्यांत रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसली. अंशचिन्हाला जागा मिळाली नाही. पुढे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय कोष्टकात त्याला १७६ हा क्रमांक मिळाला. १९९१ पासून आलेल्या ‘युनिकोड’ या जागतिक कोष्टकानेही तोच कायम ठेवला.

आता गंमत पाहा. सारखीच दिसणारी ही चार चिन्हे आणि त्यांचे युनिकोड क्रमांक :

अंशचिन्ह ° : १७६
देवनागरी शून्य ० : २४०६
लाघवचिन्ह ॰ : २४१६
घातांकाचे शून्य ⁰ : ८३०४

लाघवचिन्ह म्हणजे शब्दाचा संक्षेप दाखविणारे चिन्ह. हिंदीत ‘डॉ॰’ असे लिहिताना ते दिसते. रोमन शून्य उभट असते, त्यामुळे इंग्रजी मजकुरात घोटाळा चटकन लक्षात येतो. आपले देवनागरी शून्य मुळातच गोल! म्हणून मराठी लिहिणाऱ्याने अधिक जपले पाहिजे. टंकलेखन यंत्रावर रूळ अर्धी ओळ फिरवून शून्य वर उमटविले तर ते चालून जाई, कारण तो कागद शेवटी माणूसच वाचत असे. आज आपण लिहिलेले आकडे पुष्कळदा आधी यंत्र वाचते.

खरे चिन्ह कसे उमटवावे?

विंडोज संगणक : आल्ट ही कळ दाबून धरा, उजवीकडच्या आकड्यांच्या संचावर ०१७६ दाबा आणि आल्ट सोडा. या वेळी नमलॉक सुरू असावा. आरंभीचे शून्य गाळू नका. ते नसेल तर संगणक जुने कोष्टक उघडतो आणि त्या कोष्टकात अंशचिन्हाचा क्रमांक २४८ आहे! म्हणून इंग्रजी मांडणीच्या बहुतेक संगणकांवर आल्ट आणि २४८ यांनीही तेच चिन्ह मिळते. आकड्यांचा वेगळा संच नसेल तर विंडोजची कळ व पूर्णविराम एकत्र दाबून चिन्हांची पेटी उघडावी.

मॅक : इंग्रजी कळफलक ठेवून ऑप्शन, शिफ्ट व ८ या कळा एकत्र दाबा.

लिनक्स : बऱ्याच ठिकाणी कंट्रोल, शिफ्ट व यू एकत्र दाबून, नंतर रोमन ‘बी’ व शून्य टाइप करून एंटर दाबावे. ‘बी शून्य’ हे काय गौडबंगाल? सोळा पायाच्या अंकपद्धतीत ‘बी’ म्हणजे अकरा, आणि ११ × १६ + ० = १७६. क्रमांक तोच, पोशाख वेगळा!

आयफोन : इंग्रजी कळफलकावर आकड्यांचे पान उघडून शून्याची कळ थोडा वेळ दाबून धरा, वर अंशचिन्ह येईल. बोट तेथपर्यंत सरकवा.

अँड्रॉइड फोन : गूगलच्या कळफलकावर आकड्यांचे पान उघडा आणि तेथून चिन्हांच्या दुसऱ्या पानावर जा, तेथे ते सापडते.

लिहिताना दोन गोष्टी

कोन लिहिताना चिन्ह आकड्याला चिकटून येते, जसे ४५°. आंतरराष्ट्रीय पद्धतीत सेल्सियस तापमान लिहिताना मात्र आकड्यानंतर थोडी जागा सोडून चिन्ह व एकक जोडीने लिहितात. केल्विनला तर अंशचिन्ह लावतच नाहीत. १९६७ पासून ‘अंश केल्विन’ जाऊन नुसते ‘केल्विन’ आले आहे.

करून पाहा

संगणकावर एखादे तक्तापत्रक उघडा. पहिल्या घरात अंशचिन्ह, त्याखाली देवनागरी शून्य लिहा. शेजारच्या घरांत बरोबरचे चिन्ह देऊन ‘युनिकोड’ हे सूत्र रोमन लिपीत लिहा व कंसात त्या त्या घराचे नाव द्या. एकीकडे १७६ व दुसरीकडे २४०६ उमटेल. मग तुमच्या जुन्या प्रयोगवहीतील संगणकावर लिहिलेली तापमाने अशीच तपासा. किती अंश खरे निघतात आणि किती शून्ये, ते मोजा. मनोरीचे तापमान ३२ अंशच राहावे, ही जबाबदारी आता तुमची!