टर्बो गाडीतला नॉक : इंजिन खोलायची वेळ येण्याआधी

जेऊरहून टेंभुर्णीकडे निघालं, की गळीत हंगामात पुढे उसाच्या ट्रॉल्या लागतातच. ट्रॉलीमागे वेग चाळीसवर येतो. समोरचा रस्ता मोकळा दिसला, की वरच्याच गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला जातो. त्यातच मार्चनंतर करमाळा तालुक्यातलं ऊन चाळिशी गाठतं. उष्णता, भार आणि कमी आरपीएम, या तिन्ही गोष्टी अशा एकत्र आल्या की ताकदवान पेट्रोल इंजिनात नॉक होण्याचा धोका वाढतो.

चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचं 1.5 लिटरचं टर्बो इंजिन घ्या. 150 पीएस ताकद, 250 एनएम टॉर्क आणि तोही 1600 आरपीएमपासून, कॉम्प्रेशन 10.5 ला 1. एवढ्याशा इंजिनातून एवढं काम घ्यायचं, तर सिलिंडरमधला दाब प्रचंड असणारच. कंपनीने त्याची सोय केलेली असते, पण पेट्रोल, थंडावा आणि चालवण्याची पद्धत आपल्या हातात असते.

आत नेमकं काय होतं?

प्लगची ठिणगी पडली की ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. दाब आणि उष्णता फार वाढली, तर कडेचं मिश्रण ज्योत पोचण्याआधीच एकदम पेटतं. यालाच नॉक म्हणतात. त्यातून उठलेल्या दाबाच्या लाटा सिलिंडरमध्ये सेकंदाला हजारो वेळा आदळतात. धातूला लागून गॅसचा एक पातळ थर असतो, तो धातूला आगीपासून वाचवतो. या लाटा तोच थर उडवून लावतात आणि सगळी उष्णता पिस्टनमध्ये शिरते.

असा पिस्टन बाहेर काढून उजेडात धरला, तर वरच्या काठावर बारीक बारीक खड्डे दिसतात, वाळूचा मारा बसावा तसे. पुढची पायरी म्हणजे दोन रिंगांमधली कडा तुटणं. मग कॉम्प्रेशन जातं, ऑइल जळू लागतं. हेड गॅस्केट आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगलाही हेच धक्के सोसावे लागतात.

इंजिन ब्लॉकवरचा नॉक सेन्सर ही थरथर ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण पिकअप पडतो, ॲव्हरेज घटतं आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. म्हणून नव्या गाडीत नॉकची पहिली खूण बहुधा आवाज नसते. भर उन्हात गाडी मंदावणं ही असते. आवाज कानावर पडू लागला, तर सेन्सरच्या आवाक्याबाहेर काही चाललंय असं समजा.

1. आवाज ओळखा

चढावर किंवा ओव्हरटेक करताना, भार पडला की टकटक येते आणि पाय सोडला की थांबते, तर नॉकचा संशय घ्या. गाडी जागेवर उभी असतानाही एकसारखी टिकटिक असेल, तर टॅपिट किंवा इंजेक्टर तपासा. खोल, जड ठोका आरपीएमबरोबर वाढत असेल, तर बेअरिंगची शंका घ्या आणि गाडी पुढे चालवू नका.

2. त्या क्षणी पाय ढिला करा

ॲक्सिलरेटर सोडा, एक-दोन गिअर उतरवा आणि आरपीएम वाढू द्या. ऑटोमॅटिक असेल, तर ओव्हरटेक करण्याआधीच एस मोड किंवा मॅन्युअल मोड घ्या. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या इंजिनात 1500 ते 2500 आरपीएमच्या दरम्यान पूर्ण भार टाकला, तर ऑइलचे थेंब किंवा कार्बनचे कण ठिणगीआधीच मिश्रण पेटवू शकतात. हा नॉकचा सगळ्यात घातक प्रकार आहे. असा एखादाच जबर दणका पिस्टन फोडायला पुरतो, आणि ठिणगी उशिरा पाडून तो थांबत नाही.

3. टाकीत काय आहे ते पाहा

पेट्रोलच्या झाकणाच्या आतला ऑक्टेन आकडा वाचा. बीएस-6 निकषांनुसार साध्या पेट्रोलचा किमान आकडा 91, प्रीमियमचा 95. झाकणावर 95 लिहिलं असेल, तर 91 वर गाडी रेटू नका. गावाकडे हवं ते पेट्रोल मिळेलच असं नाही. पुण्याहून किंवा सोलापूरहून निघतानाच टाकी भरून घ्या. साधं पेट्रोल भरावंच लागलं, तर ती टाकी संपेपर्यंत गाडी सबुरीने चालवा.

इथेनॉलमुळे नॉक होतो, हा गैरसमज दूर करायला हवा. आपल्या उसापासून होणाऱ्या इथेनॉलचा ऑक्टेन आकडा 108 च्या आसपास असतो आणि वाफ होताना ते मिश्रण थंड करतं. म्हणजे ते नॉकला विरोधच करतं. मात्र त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि ते पाणी शोषून घेतं. म्हणून गाडी ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साठी बनलेली आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहा आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

4. उष्णता उतरवा

इंटरकूलर आणि रेडिएटरच्या जाळीत धूळ, किडे, उसाचं पाचट अडकतं. इंजिन थंड असताना कमी दाबाच्या पाण्याने ते धुवा. जास्त दाबाने पत्रे वाकतात. कूलंटची पातळी पाहा, फॅन चालतो का पाहा. एअर फिल्टर धुळीच्या भागात लवकर बदला. तापलेल्या इंजिनाचं कूलंटचं झाकण कधीही उघडू नका.

5. प्लग आणि ऑइल

थंड इंजिनातून प्लग काढून भिंगाखाली पाहा. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे किंवा चमकते कण दिसले, तर नॉक झालाय; चमकणारे कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असू शकतात. नवा प्लग कंपनीने सांगितलेल्या हीट रेंजचाच आणि टॉर्क रेंचनेच घट्ट करा. ऑइल मॅन्युअलमधल्या मंजुरीचं घ्या. डब्यावर एपीआय एसपी असेल, तर ठिणगीआधीच्या पेटण्यापासून संरक्षणाची चाचणी त्याने पार केलेली असते.

6. स्कॅनरवर सिलिंडरनिहाय वाचा

ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावून भाराखाली प्रत्येक सिलिंडरच्या ठिणगीचं टायमिंग किती मागे घेतलं जातंय ते नोंदवा. रीडिंग शेजारी बसलेल्याने घ्यावं. चारही सिलिंडरमध्ये सारखंच असेल, तर पेट्रोल किंवा उष्णता तपासा. एकाच सिलिंडरमध्ये जास्त असेल, तर त्याचा प्लग, इंजेक्टर आणि कार्बन पाहा. पी-0325 कोड आला, तर सेन्सर, त्याचं वायरिंग आणि बोल्टचा टॉर्क आधी तपासा.

7. रिमॅप केली असेल तर

रिमॅप म्हणजे ताकद वाढवण्यासाठी ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं. तसं केलं असेल, तर सगळ्यात आधी कंपनीचा मूळ मॅप परत टाकून घ्या आणि नॉक थांबतो का पाहा. रिमॅप ठेवायचीच असेल, तर ती कोणत्या ऑक्टेनसाठी आहे हे लेखी घ्या आणि भर उन्हातल्या ड्राइव्हचे लॉग मागा. 95 किंवा 100 ऑक्टेनसाठी बांधलेला मॅप 91 वर चालवणं म्हणजे इंजिन पणाला लावणं. आवाज बंद व्हावा म्हणून कोणी नॉक सेन्सर बंद करायला किंवा त्याची संवेदनशीलता कमी करायला सुचवलं, तर गाडी तिथून परत आणा.

8. केव्हा थांबायचं

चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय, एक्झॉस्टमधून निळा धूर येतोय, गाडी जागेवर थरथरतेय किंवा तापमानाचा काटा वर गेलाय, यातलं काहीही दिसलं तर इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा. गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट, लीक-डाउन टेस्ट आणि प्लगच्या छिद्रातून बोरस्कोप (आत पाहायचा छोटा कॅमेरा), या क्रमाने तपासणी मागा. नुकसान किती हे इंजिन न उतरवता बऱ्यापैकी कळतं.

वर्कशॉपला जाताना चार गोष्टी लिहून न्या : पेट्रोल कुठून आणि कोणतं भरलं, आवाज कोणत्या गिअरला आणि किती आरपीएमला आला, बाहेर ऊन किती होतं, आणि शेवटचं ऑइल कधी बदललं. एवढी माहिती हातात असली की चांगला मेकॅनिक अंदाजाने सुटे भाग बदलत बसत नाही, थेट कारणापाशी जातो.