चिमी कुठं गेली?

एका वाडीतली ही गोष्ट आहे, असं समजा. तुमच्याही वाडीत असं कधी घडलं असेल.

सकाळची वेळ होती. चिमीची आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. बाप रानात गेला होता. अडीच वर्षांची चिमी अंगणात खेळत होती. मोत्या कुत्रा तिच्याजवळ बसला होता.

चार भाकऱ्या झाल्या. आई दारात येऊन पाहते तो काय, अंगण रिकामं! चिमी नाही. मोत्याही नाही.

"चिमे! ए चिमे!"

ओ कोण देणार? आईनं गोठा पाहिला. गवताची गंजी पाहिली. मग तिला घरामागची विहीर आठवली. त्या विहिरीला कठडा नव्हता. तिचे पाय लटपटू लागले. तशीच ती धावत गेली. विहिरीचं पाणी शांत होतं. पण तिच्या जिवाला शांती कुठली? तिनं हंबरडा फोडला.

सारी वाडी गोळा झाली. कुणी ओढ्याकडं पळालं, कुणी सडकेकडं. तेवढ्यात एक पोरगा ओरडत आला, "सापडली! आजीच्या घरी हाय!"

चौथ्या घरी एक आजी राहत होती. तिला कमी ऐकू येई. चिमी तिच्या मांडीवर बसून दूधभाकरी खात होती. मोत्या उंबऱ्याशी शेपूट हलवत होता.

आईनं मारायला हात उगारला. आजीनं तो धरला.

"मारू नगं, पोरी. तिचं काय चुकलं? मला वाटलं, तुला ठाऊक हाय. म्या निरोप धाडला न्हाई, ही माझी चूक."

"माझंबी चुकलं, आजी," आई म्हणाली. "मला वाटलं, अंगणातच हाय."

दोघींना 'वाटलं'. पण दोघींपैकी कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. त्यामुळं सारी वाडी घाबरली.

आता नीट विचार करू. चिमी गेली का? आजी रोज मोत्याला भाकरीचा तुकडा टाकी. म्हणून मोत्या रोज तिकडं जाई. त्या दिवशी मोत्या पुढं आणि चिमी त्याच्या मागं. लहान मूल चालू लागलं की पाय नेतील तिकडं जातं. पिल्लामागं जातं, कोंबडीमागं जातं. धोका म्हणजे काय, हे त्याला कळत नाही. त्याला मारून ते कळणारही नाही. म्हणून काळजी मोठ्यांनी घ्यायची.

मूल शेजारी जातं, यात वाईट काही नाही. शेजार म्हणजे मुलाचं दुसरं घर. धोका शेजारी नसतो, वाटेत असतो. आजीच्या घरची वाट विहिरीजवळूनच जात होती.

पाण्याचा धोका मोठा आहे. लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकतं. डोकावताना त्याचा तोल जातो. बुडताना ते बहुधा ओरडतही नाही. म्हणून विहिरीला कठडा बांधा. हौदावर झाकण ठेवा. काम झालं की बादली पालथी घाला.

बोअरचा उघडा खड्डाही तसाच. 2006 साली हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात एक पाच वर्षांचा मुलगा अशा खड्ड्यात पडला. खड्डा सुमारे 60 फूट खोल होता. सैन्याच्या जवानांनी सुमारे 50 तासांनी त्याला जिवंत वर काढलं. प्रत्येक मुलाचं नशीब असं नसतं. 2010 साली सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की बंद पडलेली बोअर तळापासून वरपर्यंत माती-वाळूनं भरून टाकावी. तुमच्या शिवारात असा खड्डा असेल तर ग्रामपंचायतीला आजच सांगा.

आता मोत्याचं पाहू. कुत्रं दारोदार फिरतं. म्हणून त्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. त्याला वेळेवर घरीच खायला घाला. तरीही कुत्रं कुणाला चावलं, तर लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. तिच्यावर चुना, हळद, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हा रोग एकदा दिसू लागला, की माणूस वाचणं फार कठीण.

मूल दिसेनासं झालं तर काय करावं? आधी पाण्याच्या जागा पाहा. मग शेजारची घरं पाहा. सापडलं नाही तर वेळ घालवू नका. 112 किंवा 1098 या नंबरावर फोन करा. एक दिवस थांबा, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. हरवलेल्या मुलाची तक्रार पोलिसांनी लगेच नोंदवावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 सालचा आदेश आहे.

त्या संध्याकाळी वाडीतली माणसं जमली. विहिरीभोवती त्यांनी काट्यांचं कुंपण घातलं. पुढं सर्वांनी मिळून कठडा बांधला. आणि एक रीत ठरली. दुसऱ्याचं मूल आपल्या दारी आलं, की आधी निरोप, मग खाऊ.

चिमी अजूनही आजीकडं जाते. पण आता आई तिला हाताला धरून विहिरीपलीकडं सोडते. आणि आजी उंबऱ्यातूनच हाक देते,

"पोरी, चिमी हितं हाय गं!"

प्रश्न
1. आईच्या मनात विहीर का आली?
2. आजीचं काय चुकलं? आईचं काय चुकलं?
3. कुत्रं चावलं तर आधी काय करावं?
4. तुमच्या घरापासून शेजारच्या घरापर्यंत चालत जा. वाटेत मुलाला धोक्याच्या जागा किती आहेत? त्या वहीत लिहा.