आधी वाट, मग कपाट

कोणता कपडा नको, हे तो हातात घेताच कळतं. तो घराबाहेर जात नाही, एवढीच अडचण असते. नकोशा कपड्यांचं बोचकं बांधून दाराआड ठेवलं जातं. गणपतीत पाहुणे येणार म्हणून ते पलंगाखाली सरकतं. दिवाळीच्या सफाईत कुणीतरी गाठ सोडतं, ‘अगं, हा बरा आहे की!’ म्हणतं आणि अर्धे कपडे पुन्हा कपाटात. नालासोपारा-विरारच्या वन रूम किचनमध्ये हा खेळ परवडत नाही, कारण तिथे पलंगाखाली आधीच गव्हाचा डबा, शिलाई मशीन आणि माहेरची पेटी असते. म्हणून ही कृती उलट्या टोकाने सुरू होते. कपडे कुठे जाणार ते आधी ठरवायचं आणि कपाटाला हात नंतर लावायचा.

मुहूर्तापासून सुरुवात करू. आपल्याकडे घर आवरतात घटस्थापनेच्या आधी, पण तेव्हा पाऊस बहुधा पुरता गेलेला नसतो आणि भिंतीतली ओल कायम असते. आपल्या किनाऱ्यावर पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर जातो. त्यानंतरचं जे कडक ऊन सगळ्यांना नकोसं होतं, ते या कामाला सोन्यासारखं. घटस्थापनेला भांडी आणि जळमटं आवरावीत, कपाट मात्र त्या उन्हासाठी राखून ठेवावं. तेव्हा जमलं नाही, तर मेचा पहिला पंधरवडा. पावसात हे काम काढूच नये. हवेत दमटपणा असताना घडी करून दाबून ठेवलेल्या कपड्याला बुरशी धरते, आणि आवरल्याच्या समाधानात आपण ते दोन महिने बघतही नाही.

आता वाटा. पहिली बोहारीण. ती अजूनही येते. तिच्या फेऱ्या कमी झाल्यात आणि मोठ्या सोसायट्यांचे वॉचमन तिला फाटकावर अडवतात, म्हणून तिचा वार विचारून ठेवावा. तिची पारख बघण्यासारखी असते. पँट घेतली की आधी ती उलटी करते आणि दोन पायांच्या जोडावरची शिवण ताणून पाहते. मग चेन वर-खाली. शर्टाची कॉलर दुमडून कड विरलीय का बघते, साडी उजेडासमोर धरते. ‘दो पँट और डालो भाभी, तब ये पतेला,’ असं म्हणून पातेलं परत टोपलीत. तिने बाजूला काढलेला कपडा दुरुस्त होऊन, धुऊन, इस्त्री होऊन बाजारात पुन्हा विकला जाणार असतो, म्हणून ती इतकी काटेकोर. तिने नाकारलेला कपडा दुसऱ्या कुणाला ‘दान’ म्हणून देऊ नये, एवढी एक कसोटी पाळली तरी पुष्कळ झालं.

दुसरी वाट गॅरेजची. जुने बनियन, टी-शर्ट, सुती गाउन यांची चिंधी तेल-ग्रीस पुसायला लागते. वालीव-सातिवलीच्या औद्योगिक वसाहतींतले गाळे आणि नाक्यावरचे मेकॅनिक ती आनंदाने ठेवून घेतात. बटणं, चेन, इलॅस्टिक काढून द्यावं. नायलॉन देऊ नये, ते तेल पीत नाही.

तिसरी गोधडी. विरलेल्या सुती साड्या, धोतरं, जुन्या चादरी यांना यापेक्षा चांगली गती नाही. वरच्या-खालच्या थराला मऊ साड्या, आत बारीकसारीक तुकडे आणि सगळ्यावरून धावदोरा. आतही सुतीच घालावं. सिंथेटिक तुकडे आत सरकतात, गोळा होतात आणि घाम शोषत नाहीत. हाताने गोधड्या शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत. मजुरी आधी ठरवावी आणि घासाघीस करू नये. एका गोधडीत किती टाके असतात, ते मोजायला बसलं की कळतं.

चौथी वाट देणगीची, आणि इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. आपला जिल्हा पालघर, म्हणून ‘पाड्यावर देऊन टाकू’ हे वाक्य फार पटकन तोंडात येतं. जव्हार-मोखाड्याच्या शेतात राबणाऱ्या बाईने तुमची चमकीची नेटची साडी नेसून आवणी करावी, अशी अपेक्षा असते की काय, कोण जाणे! द्यायचंच तर आधी विचारून, धुऊन, बटणं लावून, मापाप्रमाणे गठ्ठे बांधून द्यावं. लहान मुलांचे कपडे, चादरी, स्वेटर यांना खरी मागणी असते. वसईच्या अनेक चर्चमध्ये संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची मंडळं आहेत. आपल्या धर्मग्रामात कुणाला काय हवंय, हे त्यांना घरोघरचं ठाऊक असतं, त्यांच्याकडे आधी चौकशी करावी. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था मुंबईतही कपडे घेते. गावकऱ्यांनी विहीर, रस्ता, बंधारा अशी कामं करायची आणि मोबदल्यात कपडे घ्यायचे, अशी तिची पद्धत आहे. सुती कापडापासून ते पाळीच्या घड्याही बनवतात, त्यामुळे जुनी पण स्वच्छ सुती चादर तिथे वाया जात नाही.

या चारही वाटांनी न जाणारं उरेल ते सुक्या कचऱ्यात. ते गोखिवऱ्याच्या डंपिंगवर जाऊन पडतं, हे माहीत असू द्यावं, म्हणजे सेलमध्ये हात जरा आखडतो.

साहित्य फार लागत नाही. चार जुन्या उशांचे अभ्रे (वाटेगणिक एक), मार्कर पेन, सुई-दोरा, दोन जुनी धोतरं किंवा मलमल, आणि घट्ट झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा. नवे बास्केट, ऑर्गनायझर, व्हॅक्यूमच्या पिशव्या आधी आणू नयेत. सामान किती उरणार हे कळण्याआधी डबे आणले, की डबे भरण्यासाठी सामान राखलं जातं.

आता कपाट उघडा. जपानच्या मारी कोंडो यांच्या पद्धतीत एका प्रकारचे सगळे कपडे एकदम बाहेर काढून ढीग करायचा आणि एकेक हातात घेऊन आनंद होतो का ते बघायचं असतं. ढिगाला आमची हरकत नाही, पण ज्या पलंगावर तो करायचा त्याच पलंगावर रात्री तिघांना झोपायचं असतं. म्हणून एका दिवसाला एका माणसाचा एकच प्रकार: आज बाबांचे शर्ट, उद्या आईचे ड्रेस. आणि ज्याचे कपडे, त्याच्या हजेरीतच. नवऱ्याचा कॉलेजातला टी-शर्ट त्याच्या माघारी पोछ्याला लावला की पुढची दहा वर्षं तेवढंच ऐकावं लागतं.

किती ठेवायचे, याचं उत्तर जुलैची दोरी देते. भर पावसात गॅलरीतल्या दोरीवर कपडा वाळायला दोन-तीन दिवस घेतो. अंगावरचा एक, धुवायला पडलेला एक, दोरीवरचे तीन आणि सकाळच्या विरार लोकलमध्ये चिखल उडाला तर हाताशी एक: रोजच्या कामाचे सहा जोड झाले. दोन जास्तीचे धरा. आठाच्या पुढचा प्रत्येक जोड हौसेचा आहे. हौस करावी, पण तिला कपाटाचा वरचा कप्पा द्यावा, हाताजवळचा नव्हे. जाड जीन्स आणि टॉवेलच्या कापडाचे कपडे जून ते सप्टेंबर वाळता वाळत नाहीत आणि कुबट वास धरतात. ते पावसाआधी कडक उन्हं दाखवून वर टाकावेत, खाली रात्रभरात पंख्याखाली वाळणारे ठेवावेत. कपाटाचे ऋतू दोन पुरेत, ओला आणि कोरडा. थंडीची आपल्याकडे एक शाल.

काय नेसलं जातं आणि काय नाही, यावर घरात एकमत होत नसेल तर वाद घालू नये. सगळ्या साड्या घडीचा गोल भाग बाहेर येईल अशा लावाव्यात. नेसून, धुऊन परत ठेवताना गोल भाग आत, सुट्या कडा बाहेर. वर्षभराने दार उघडलं की कुणालाही बोलावं लागत नाही.

आहेराच्या साड्यांचं प्रकरण वेगळं. त्या नेसण्यासाठी नसतातच, त्या चलनात असतात. लग्नात आलेली, न आवडलेली, पाकिटातून न काढलेली साडी पुढच्या बारशाला जाते, तिथून कुठे जाते ते देव जाणे. ब्लाउजपीसचंही तसंच, एकच हिरवा ब्लाउजपीस ओटी ओटी फिरत तालुका पाहून येत असावा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण व्यवस्था हवी. प्रत्येक आहेराच्या साडीत चिठ्ठी घालावी: कुणाकडून, कोणत्या लग्नात. द्यायच्या वेळी चिठ्ठी वाचून काढून टाकावी. ज्यांनी दिली त्यांच्याच घरी ती परत जाऊ नये आणि चिठ्ठीसकट तर मुळीच जाऊ नये. या साड्यांना एकच कप्पा. तो भरला की पुढचा समारंभ येईपर्यंत थांबायचं नाही, बोहारणीची वाट धरायची.

रेशमी आणि जरीच्या साड्या, शालू, आजीचं लुगडं हे कमी करण्याच्या यादीत धरू नये. इथे फक्त जपायचं. प्लास्टिकच्या पिशवीतून साडी बाहेर काढा; आत दम कोंडतो आणि जर काळी पडते. सावलीत, वाऱ्यावर दोन तास पसरा. रेशमाला थेट ऊन नको, रंग उडतो. जुनी घडी नीट पाहा. मोडीची रेघ पांढुरकी दिसत असेल, बोटाला जर खरखरीत लागत असेल, तर कापड तिथे चिरायच्या बेतात आहे. त्या रेघेपासून चार बोटं सरकवून नवी घडी घाला, जर आतल्या बाजूला येऊ द्या, मधे मलमलचा गुंडाळा ठेवा म्हणजे मोड तीक्ष्ण पडणार नाही. धोतरात गुंडाळून आडवी ठेवा. हँगरवर जड साडी स्वतःच्या वजनाने फाटते. वर्षातून दोनदा घडी बदला.

डांबर गोळ्या कसरीवर चालतात, बुरशीवर नाही, आणि आपल्याकडे निम्मं नुकसान बुरशीचं असतं. वापरायच्याच तर पुरचुंडीत बांधून, कापडाला न टेकवता. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत मात्र त्या कधीही घालू नयेत. रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी या वासाने फुटू शकतात, कावीळ होते. बाळंतविडा म्हणून पेटीतून काढलेली जुनी दुपटी आधी धुवावीत, कडक उन्हात वाळवावीत, मगच वापरावीत.

कपडे झाले की कागद, कारण आपल्याकडे कागदही कपाटातच असतात, साड्यांच्या खाली. पर्स, जुने ब्लाउज, साड्यांच्या घड्या झटकून घ्या. तिथे ठेव असतेच. २०१६ च्या नोव्हेंबरात रद्द झालेली पाचशेची नोट निघाली तर आठवण म्हणून ठेवा. दोन हजारांची गुलाबी नोट निघाली तर ती रिझर्व्ह बँकेच्या मुंबई किंवा बेलापूर कार्यालयात अजून जमा करता येते.

कागद कमी करताना वसई-विरारकरांनी एक गोष्ट विसरू नये. आपली महापालिका २००९ ची. त्याआधी इथे चार नगरपरिषदा होत्या आणि बाकी गावागावांत ग्रामपंचायती. त्या काळातल्या घरपट्टीच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या रद्दीसारख्या दिसतात, पण घर तेव्हापासून उभं आहे याचा तो पुरावा असतो, आणि इमारतीच्या कागदपत्रांचा प्रश्न निघाला की तोच आधी शोधावा लागतो. तसंच ‘तालुका वसई, जिल्हा ठाणे’ असं छापलेला कागद जुना म्हणून टाकू नका. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधीच्या खरेदीखतावर ठाणेच असणार. खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सातबारा, मृत्यूचे दाखले हे कायम ठेवायचे. विजेची बिलं, मोबाईलची बिलं, मुदत संपलेली वॉरंटी कार्डं, दुकानांच्या पावत्या रद्दीत. नाव-पत्ता असलेला भाग फाडून. आधार, लायसन्स, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवर घेऊन ठेवाव्यात.

मूळ कागद त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा कपाटाच्या तळाशी नव्हे, वरच्या कप्प्यात. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, मिठागरातली वस्ती पाण्याने वेढली गेली, तळमजल्यांवर पाणी शिरलं. अशा वेळी कपाटाचा खालचा खण आधी बुडतो, आणि बहुतेक घरांत फायली तिथेच असतात. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी खालच्या खणात फक्त धुता येईल ते ठेवावं: पोछे, जुन्या चादरी, चपला.

परत लावण्याआधी कपाट आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि एक दुपार दारं उघडी ठेवा. शक्य असेल तर ते बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला टेकलेलं कपाट मागून ओल खातं. कपडे ठासून भरू नयेत. गठ्ठ्यात हात सरळ शिरला पाहिजे, म्हणजे वाराही शिरतो.

राहिले चार अभ्रे. गॅरेजचा अभ्रा त्याच संध्याकाळी भाजीला जाताना हातात घ्यावा. गोधडीचा शिवणाऱ्या बाईकडे, देणगीचा येत्या रविवारी. बोहारणीचा अभ्रा तेवढा तिच्या वारापर्यंत घरात राहील. त्याचं तोंड आठवणीने शिवून टाका, नुसती गाठ मारू नका.